हवालदाराचं बारसं

"आरं तात्या, तुझ्या तेराव्याला जेवलोय मी!"

रंगू पवार असं म्हणाला आणि त्याच्या हातातला डाव वरणाच्या भांड्यात पडला. वरण त्याच्या अंगावर उडालं आणि शेजारी ताटातल्या अन्नाची वजनं करत उभ्या असलेल्या माझ्याही अंगावर उडालं.

थाळी पुढे करून उभा असलेला हवालदार तातोबा शेवाळे आधी हसला. गावचा माणूस तीन वर्षांनी भेटतोय, तेव्हा पहिलं वाक्य चेष्टेचंच असणार, असं त्याला वाटलं.

"काय केलतं मग जेवायला?" त्याने विचारलं.

"लापशी," रंगू म्हणाला. "आन डाळ-भात." मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "दर्भाचा पुतळा केला तुझा. नदीवर नेऊन जाळला. म्या सोता खांदा दिला रं."

तातोबाने थाळी अलगद टेबलावर ठेवली. दुसऱ्या कुणाची तरी वस्तू चुकून हातात यावी आणि आपण ती परत करावी, तशी ठेवली. आणि न जेवताच बाहेर निघून गेला.

ही गोष्ट १९४५ सालच्या जूनमधली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्राला लागून एक मोठी थोरली जागा होती. लढाईपूर्वी गिरण्या-कारखान्यांतली कुटुंबं उन्हाळ्यातला एक आठवडा समुद्राची हवा खायला तिथे येत. त्यांच्यासाठी लाकडी खोल्यांच्या रांगा बांधलेल्या होत्या, एक गुलाबी, एक पिवळी, एक पोपटी. भोजनगृहाच्या भिंतींवर नारळाची झाडं रंगवली होती. ज्याने रंगवली त्याने आयुष्यात नारळाचं झाड पाहिलं नसावं, कारण नारळ फांद्यांना लटकत होते. लढाई सुरू झाली आणि लष्कराने हे सगळं ताब्यात घेतलं. वाळूवर काटेरी तारा आल्या, टेनिसच्या मैदानात विमानं पाडायची तोफ बसली, मुलांच्या खेळांच्या जागेत वाळूच्या पोत्यांची थप्पी लागली. आधी खलाशी राहून गेले, मग तोफखान्याची माणसं. आता युरोपातली लढाई संपली होती. जर्मनीच्या बंदिवासातून सुटलेले आपले शिपाई घरच्या बोटीची वाट पाहत त्या गुलाबी-पोपटी खोल्यांतून राहत होते. आमच्याकडचे बहुतेक सातारा-रत्नागिरीचे.

मी लंडनला जीवरसायनशास्त्र शिकायला गेले होते आणि लढाईमुळे तिथेच अडकले होते. उपाशी राहिलेल्या शरीराला पुन्हा अन्नाची सवय कशी लावावी, यावर आमच्या प्रयोगशाळेत काम चाले. शिवाय मला मराठी येत होतं. एवढ्या दोन गुणांवर मला तिथे धाडलं होतं.

या सगळ्या शिपायांचे वडीलधारे होते सुभेदार केरबा डुबल. पन्नाशीला टेकलेले. बंदिवासात पुढचे दात गेले होते, पण जिभेची धार शाबूत होती. आल्या दिवशी ते सगळी छावणी फिरून आले आणि मला म्हणाले, "बाईसाहेब, गोरं लोक हितं पैसं मोजून ऱ्हायाला येत हुतं म्हंत्यात. खरं का?"

"हो. सुट्टीत."

"भवतीनं कुंपन. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं, त्ये बी रांगंत. समद्यांच्या खोल्या सारख्या. आवं, आमी हेच तीन वर्सं फुकाट केलं की!"

तातोबा मात्र या हसण्याखिदळण्यात कधी नसे. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईत जखमी होऊन तो शत्रूच्या हाती सापडला होता. आधी इटली, मग जर्मनी. दुसऱ्याकडून लिहून घेऊन त्याने घरी कार्डं पाठवली, पण एकाचंही उत्तर आलं नाही. घरच्यांनी आपलं नाव टाकलं, असं मनाशी धरून तो कुढत होता. रंगू पवार त्याच्या गावचा, पण कैदी नव्हता. सुटलेल्या शिपायांची देखभाल करायला हिंदुस्थानातून जी तुकडी आली, तिच्यातला तो स्वयंपाकी. त्यामुळे त्या दुपारी सगळा उलगडा झाला. कार्डं पोचलीच नव्हती. पोचली होती ती 'बेपत्ता, बहुधा मृत' अशी तार. वर्षभर वाट पाहून भावकीने पुतळा केला, अग्नी दिला, तेरावा घातला. तातोबाची बायको हौसा हिने बांगड्या फोडल्या.

मला वाटलं, दोन दिवस त्याला धक्का बसेल आणि मग आनंद होईल. घरचे विसरले नव्हते, हे कळणं काय थोडं असतं?

दोन दिवसांनी तो मला मुदपाकखान्याच्या मागच्या पायरीवर बटाटे सोलताना दिसला. मिसेस पेग्लर कमरेवर हात ठेवून त्याच्याजवळ उभ्या होत्या. लढाईपूर्वी या जागेत मुलांचे खेळ घेण्याचं काम त्यांच्याकडे असे. मुलं यायची थांबली तरी त्या हटल्या नव्हत्या. लष्कराच्या कोठीवर देखरेख करत तिथेच राहिल्या होत्या.

"हा गृहस्थ म्हणतो, मी घरी जात नाही, इथेच बटाटे सोलत राहतो," त्या मला म्हणाल्या. "माझी हरकत नाही. इतकं पातळ साल काढणारा माणूस मला पुन्हा मिळायचा नाही. पण तुमच्या डॉक्टरसाहेबांना वाटतं, याचं डोकं फिरलंय."

ते खरं होतं. लष्कराचे डॉक्टर, एक मेजर, मला म्हणाले होते, "बोट मंगळवारी सुटते. मेलेला माणूस घरी जात नसतो, असं जो म्हणतो, त्याला मी बोटीवर चढवू शकत नाही. त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. तिथून त्याची सुटका कधी होईल ते मला सांगता यायचं नाही. सोमवारपर्यंत तुम्ही त्याच्या भाषेत बोलून बघा."

मी पायरीवर बसले. तातोबाने आदबीने थोडं सरकून घेतलं.

"आमच्या गावात एकदा झालंया, बाईसाहेब," तो म्हणाला. "मागल्या म्हायुद्धात बसऱ्याच्या लढाईतनं महादू कुंभार परत आला. त्याचं बी कार्य झालतं. त्यो आपला आनंदानं थेट उंबरा वलांडून घरात. म्हैना न्हाई झाला, थोरल्या ल्योकाला साप डसला."

"साप काय चौकशी करून डसतो का? या घरातलं कार्य झालेलं माणूस परत आलंय का हो, म्हणून?"

"न्हाई. साप न्हाई इचारत," तातोबा शांतपणे म्हणाला. "गाव इचारतं. उद्या माझ्या लेकीला, सोनीला, नुसता ताप आला तरी समदी हौसाकडं बोट दावत्याल. हिनंच मेल्याला घरात घेतला म्हनत्याल. महादूची बायकू हिरीत पडली, बाईसाहेब. ल्योक गेल्यानं न्हाई. बोलून बोलून पाडली तिला."

माझ्याकडचं सगळं शास्त्र सापापुरतं होतं. गावापुढे ते लागू पडत नव्हतं. तातोबाचं डोकं फिरलेलं नव्हतं, एवढं मात्र मला त्या पायरीवर स्वच्छ कळलं.

तोडगा काढला सुभेदारांनी. संध्याकाळच्या चहाला त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि बशीतला चहा भुरकत ते म्हणाले, "मेल्यावर उपाव एकच. परत जलमायचं. आमच्याकडं कार्य झाल्याला मानूस आला की त्याला वेशीभाईर न्हाऊ घालत्यात, पाळण्यात घालत्यात, बारसं करत्यात. बारसं झालं की त्यो नवा. मागलं समदं फिटलं. गाव बी गप."

"आन पाळणा?" रंगूने विचारलं. "ह्ये केवढं बाळ!"

"पाळणा हाय," सुभेदार म्हणाले. "पोत्यांमागं बघिटला मी. लोखंडी दांड्याला टांगल्याली होडी हाय."

ती मुलांच्या खेळातली झुलती होडी होती. सहा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती.

तातोबा इतका वेळ खाली मान घालून ऐकत होता. "नाव कोन ठेवनार?" तो एवढंच म्हणाला. "आत्या लागती."

सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मराठी बोलणारी दुसरी बाई लंडनपर्यंत कुठे नव्हती.

"मी याच्याहून दहा वर्षांनी लहान आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं?" रंगू म्हणाला. "माझी धाकटी आत्या माझ्या मांडीवर खेळलीय."

"मला जमणार नाही," मी म्हटलं आणि कप ठेवून उठले.

पाठीमागे सुभेदारांचा आवाज आला. मला ऐकू जावा इतपतच मोठा. "जाऊ द्या रं. शिकल्याल्या मानसास्नी कमीपना वाटतो. त्या काय आपल्या पोराच्या आत्या व्हत्यात?"

खरं कारण त्या छावणीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प राहून होकार दिला असता तरी कुणाला कळलं नसतं. माझ्या गळ्यात काही नव्हतं. इथे मला सगळे मिस गद्रे म्हणत, आणि लग्न न झालेली बाई आत्या व्हायला चालते. पण उद्या कधी तातोबाच्या लेकीला ताप आला आणि माझी हकिकत कुठून तरी त्याच्या कानावर गेली, तर? मग त्याला वाटलं असतं, नाव ठेवणारीच तसली होती. त्याचा नवा जन्म मला असा कच्चा करायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पायरीवर गेले. मिसेस पेग्लर आत होत्या. तातोबा माझ्याकडे न बघता बटाटे सोलत होता.

"मला कमीपणा वाटत नाही," मी म्हटलं. "मी विधवा आहे."

सुरी चालत राहिली. त्याने विचारलं, "मालक कवा गेलं?"

"मी अकरा वर्षांची होते. ते पुण्यात शिकत होते. विषमज्वराने गेले. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. वडिलांनी मग मला शाळेत घातलं."

"आन मग? बारशाला कोन बोलवत न्हाई?"

"घरातल्या बारशाला बोलवावं कशाला लागतं? मी घरातच असायची. मागच्या पडवीत. माझ्या सख्ख्या भाच्याचं नाव चुलत बहिणीने ठेवलं. पाळणा म्हणतात तो मला सगळा पाठ आहे, पण भिंतीपलीकडून ऐकून. म्हणून म्हणते, तुमच्या गावाला हे कळलं तर…"

सुरी थांबली.

"माझी हौसा दोन वर्सं आसंल आशाच पडवीत," तातोबा म्हणाला. "आन मी तर जित्ता हाय. हितं बटाटं सोलतोय."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. समुद्राकडून वारा सुटला होता आणि सालं पायरीवरून उडत होती. त्याने ती गोळा केली, बादलीत टाकली, हात पुसले.

"म्या तुमाला नगं म्हनलो, तर तिला काय तोंड दावू?" तो म्हणाला. "कोन पांढऱ्या पायाचं आन कोन न्हाई, ह्ये जर मीच मोजाय लागलो, तर मग गावानं काय वायलं केलं?" आणि उभा राहून, हवालदार हुकूम देतो तशा आवाजात म्हणाला, "सुबेदारसायबास्नी सांगा, आत्या ह्याच. दुसरी कुनी आली तर मी पाळण्यात बसायचा न्हाई."

रविवारी दुपारी बारसं ठरलं. शिपायांनी पोती हलवली. मिसेस पेग्लरनी होडीच्या साखळ्यांना तेल दिलं आणि काळजीने मला विचारलं, "मूल किती वर्षांचं आहे?"

"अडतीस."

"ही बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. वजनाला मर्यादा आहे."

"त्याचं वजन मी रोज करते," मी म्हटलं. "बसेल."

मुलांना डुंबायला बांधलेला उथळ हौद होता. तातोबाला त्यात बसवून रंगूने डोक्यावर पाणी ओतलं. ऊन होतं, पण पाणी इंग्लंडातलं होतं. तातोबाने अशी आरोळी ठोकली की तोफेजवळचा गोरा पहारेकरी धावत आला.

"रडलं! रडलं!" सगळे टाळ्या पिटत ओरडले. "बाळ रडलं! आवाज चांगला हाय!"

"बापावर गेलंया," सुभेदार म्हणाले.

मिसेस पेग्लरनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्रस्नानाचा मोठा पंचा आणला. त्यात गुंडाळून चौघांनी बाळाला उचललं आणि होडीत निजवलं. पाय गुडघ्यापासून बाहेर राहिले. रंगूने पाळणा म्हणायला सुरुवात केली, दोन कडवी म्हणून अडला. पुढचं कुणालाच येत नव्हतं. मग मी म्हणायला लागले. माझा आवाज काही गोड नाही. पण शब्द एकही चुकला नाही, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सगळे गडी खाली बघत उभे होते. एकदोघं बाह्यांनी तोंड पुसत होते.

"नाव काय ठिवताय?" सुभेदारांनी विचारलं. "काय बी ठिवा, पर तातोबाच ठिवा. बोटीवर दुसऱ्या नावानं घ्याचं न्हाईत."

मी वाकले. होडी हलत होती, तिची कड धरली. तातोबाचे डोळे मिटलेले होते आणि पापण्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं. मी त्याच्या कानाशी "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. त्याने डोळे उघडले.

बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं की भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. माझ्या भोवती तर तीस-पस्तीस शिपाई. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचा हात उचलेना.

"आरं, बघताय काय?" बाळ होडीतून खेकसलं. "माझ्या आत्याच्या पाठीत घाला की!"

"बाईसाहेबांस्नी कसं मारावं?" रंगू म्हणाला.

"कशासाठी थांबलेत हे?" मिसेस पेग्लरनी मला विचारलं. मी सांगितलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी होडीवर आदळले. मग मात्र कुणी थांबलं नाही. रंगूने घातला, सुभेदारांनी आधी पाया पडून मग घातला, मागच्यांनी पुढच्यांना ढकलून घातला. होडीत तातोबा हसत होता, हसता हसता त्याचा पंचा सुटत होता, आणि कुणी तरी ओरडत होतं, "आरं बाळाला झाका, बाळाला झाका!"

तातोबाचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. बोट मुंबईला लागली. रंगूची तुकडी त्यानंतर वर्षभराने परतली. गावात जे ऐकलं ते सगळं त्याने मला पुण्यात येऊन सांगितलं. तातोबा वेशीबाहेर थांबला, सुभेदारांनी स्वतः आत जाऊन गावाला बारशाची हकिकत सांगितली. एका म्हातारीने विचारलं, आत्या कोण होती? सुभेदार म्हणाले, विलायतेला शिकलेली, अशी आत्या या गावात कुणाच्या बापाला मिळाली नाही. मग हौसाने हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि वेशीवर येऊन त्याला ओवाळलं. पुढच्या वर्षी सोनीला गोवर आला आणि गेला. कुणी काही बोललं नाही.

पण मला जास्त आठवतो तो बारशानंतरचा सोमवार. मेजरसाहेबांनी तातोबाला बोलावून चार प्रश्न विचारले, मी भाषांतर केलं. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण आहे, उद्या बोटीवर चढणार का. चारही उत्तरं ठणठणीत आली. साहेबांनी सही केली आणि तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"त्याचं नाव," मी म्हटलं.

त्यांना ते काही समजलं नाही. मी उठायला लागले तेव्हा पाठीतून कळ आली आणि मी खुर्चीचा हात धरला.

"काय झालं? पडलात का कुठे?" त्यांनी कपाटातून मालिशच्या तेलाची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "हे चोळा. उद्यापर्यंत दुखायचं थांबेल."

"नको," मी म्हटलं. "दुखू दे."